डावीकडचे डबके

श्रीमत् उद्वाहकविद्याविशारद, सप्तमजलीसंकटमोचक, दोन मजल्यांमध्ये अधांतरी लोंबकळणाऱ्या जनांचे एकमेव आशास्थान, पोलादरज्जुपरीक्षक, वंगणभूषण, आणि (हे अखेरचे पद आपणास कोणतीही परीक्षा न देता, केवळ माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीशी विवाह केल्याने प्राप्त झाले) अस्मादिकांचे एकुलते एक साडूभाऊ, यांच्या तेलकट परंतु परोपकारी हस्तद्वयाप्रत —

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो. परंतु पत्राच्या पहिल्याच ओळीत असत्य नको. सबब सप्तांग नमस्कार. आठवे अंग, म्हणजे वामहस्त, गेले वर्षभर रजेवर असून रुजू होण्याची तारीख कळवीत नाही.

आपली प्रकृती, ताईंचे गुडघे आणि कन्येच्या नव्या कचेरीतले तिचे तापट साहेब, हे सर्व आपापल्या जागी सुस्थितीत असतील अशी आशा करतो. इकडील क्षेम मध्यम. भूक लागते, निद्रा येते, केस गळतात. म्हणजे देहाची जी खाती माझ्या आज्ञेवाचून चालतात ती उत्तम चालली आहेत. कागद हलू नये म्हणून त्याच्या डाव्या कोपऱ्यावर प्लास्टरचा एक जबडा ठेवला आहे. ओळी उतरत्या दिसल्यास दोष जबड्याचा समजावा.

आपण गेल्या महिन्यात फोनवर विचारले होते, "काय मग, वर्षभरात कुठला गेम आवडला?" आणि मी आवाज तुटत असल्याचे सोंग करून फोन ठेवला होता. आवाज तुटत नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर देत आहे, कारण येत्या गुरुवारी माझ्या डाव्या हाताची परीक्षा आहे आणि तीत मी अनुत्तीर्ण होणार हे मला, आणि फक्त मलाच, ठाऊक आहे. (हेही फोनवर सांगता आले असते, पण आमचा फोन आणि आपल्या मेहुणीचे शिलाई मशीन एकाच खोलीत आहेत, आणि ज्या व्यक्तीपासून हे लपवायचे ती व्यक्ती त्या मशीनवर बसते.)

पूर्वपीठिका आपणास विदित आहे. तथापि दुःखाची उजळणी केल्याविना मला पुढे सरकता येत नाही. त्या मंगळवारी सकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या आमच्या खोलीत मी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कवळीचे काम करीत होतो. उजव्या हातात मेणाची सुरी, डाव्यात प्लास्टरचा जबडा. सहा दात मेणात ओळीने उभे राहिले होते. सातवा उचलणार, तोच डाव्या हाताने जबडा टेबलावर ठेवून दिला. मी तसे सांगितले नव्हते. मी म्हटले, उचल. हाताने ऐकले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्याने आज्ञाभंग केला, तोही इतक्या सभ्यपणे की जबड्याला ओरखडाही आला नाही. (जबडा फुटला नाही याचे मला त्या क्षणी समाधान वाटले, यावरून मेंदूची अवस्था ध्यानी यावी.) पुढची रुग्णवाहिका, ते पांढरे छत आणि आपण आणलेली चार मोसंबी, हे सर्व आपण पाहिलेच आहे.

त्यानंतर आपल्या मेहुणीने जे केले ते मात्र आपण पाहिलेले नाही. तिने आपल्या शिलाई मशीनवर आच्छादन घातले, गिऱ्हाइकांची कापडे परत केली, आणि माझ्या टेबलाशी डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसली. ती जबडा धरते, मी दात बसवतो. गेले वर्षभर या परिसरातील वृद्धांनी जे काही चावले, ते एका पुरुषाच्या उजव्या आणि एका स्त्रीच्या डाव्या हाताने निर्मिलेल्या दातांनी. दांपत्यजीवनाची इतकी सांगोपांग व्याख्या कोणत्याही शास्त्रात आढळणार नाही. परंतु तिला ती आवडत नाही. "मी माणसांची मापं घेणारी बाई," ती म्हणते, "आणि आता दिवसभर कुणाचा तरी जबडा धरून बसलेय. तोही बोलत नाही नि तुम्हीही बोलत नाही." मग मी बोलतो. मग ती म्हणते, "हलू नका हो, दात तिरका बसेल."

हात सुधारावा म्हणून ज्या व्यायामबाई नेमल्या गेल्या, त्यांचे नामकरण मी चेंडूबाई असे केले आहे, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्पंजाचा एक पिवळा चेंडू देऊन तो दिवसातून तीनशे वेळा दाबण्यास फर्माविले. ज्या हाताने दाढेचे उंचवटे कागदाच्या जाडीइतके अचूक जुळवले, त्यास चेंडू! मी तो दाबीत नसे. "काका, चेंडू दाबला का?" "दाबला." "किती वेळा?" "मनातल्या मनात पुष्कळ." यावर त्या हसल्या नाहीत. (वैद्यकीय शिक्षणात हसण्याचा विषय ऐच्छिक असावा.) त्या म्हणाल्या, "मग निदान खेळा तरी. घरात व्हिडिओ गेम आहे कुणाचा? डाव्या अंगठ्याला काम मिळेल." आणि आठवड्याच्या आत आपल्याकडून तो खोका आला. आत आपल्या कन्येचे जुने क्रीडायंत्र, दोन हातांनी धरायचा एक रिमोट, आणि आपल्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: "वेळ जाईल." वेळ गेला, साडूभाऊ. आपले शब्द खरे ठरले.

या रिमोटाची रचना तात्त्विक आहे. डाव्या अंगठ्याखालच्या दांडीने चालायचे, उजव्या हाताखालच्या कळांनी कर्म करायचे. म्हणजे माझे पात्र कर्माला सिद्ध होते. अडचण फक्त कर्मभूमीपर्यंत पोहोचण्याची होती. पहिला खेळ शेतीचा. एक टोपीवाला शेतकरी, चार वाफे, एक कोंबडी आणि शेताच्या डाव्या कडेला एक डबके. शेतकऱ्याने वाफ्यांकडे सरळ चालत जाऊन सलगमांना पाणी घालावे, इतकाच पुरुषार्थ. माझा शेतकरी निघायचा सरळ, चौथ्या पावलाला डावीकडे कलायचा आणि शांतपणे डबक्यात शिरायचा. पुन्हा काठावर यायचा, अंग झटकायचा, पुन्हा डबक्यात. दोन महिने, साडूभाऊ. सकाळी अकरा ते साडेअकरा. सलगम वाळले, कोंबडी निघून गेली (ती जाते हे मला ठाऊक नव्हते, कुंपणापाशी थांबून एकदा मागे वळून पाहते आणि जाते), आणि शेतकरी डबक्यात छातीपर्यंत उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला. चेंडूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, असे होते. अंगठा बाहेर ढकलू शकतो, परत आणण्याची ताकद उशिरा येते. नेटाने करीत राहा. मी नेटाने बुडत राहिलो.

दुसरा खेळ मोटारशर्यतीचा. तिथे माझी मोटार आरंभापासून अंतापर्यंत डावीकडची भिंत घासत जाई, जणू तिला त्या भिंतीशी काही खाजगी बोलायचे आहे. तिसरा खड्गधारी वीराचा. वीर तलवार अप्रतिम चालवी, परंतु एका जागी डावीकडून गोल गोल फिरत. शत्रूंनी दमून जायचे असेल तर ते दमून जात. एकदा एक राक्षस बराच वेळ नुसता पाहत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मी रिमोट ठेवला आणि हातरुमाल शोधला, आणि तो डाव्या खिशात असल्याने मला काढता आला नाही.

चौथ्या महिन्यात, एका मलूल दुपारी, यंत्राच्या सेटिंगमध्ये भटकत असता मला एक ओळ दिसली. तीत दोन्ही दांड्यांची (उजवीकडेही एक आहे) कामे परस्परांत बदलण्याची सोय होती. चालण्याचे काम उजवीकडे, आणि उजवीकडचे काम, म्हणजे नुसते इकडेतिकडे पाहण्याचे, डावीकडे. मी ती ओळ दाबली. एवढेच माझे पाप. उजव्या अंगठ्याने शेतकऱ्याला हाक दिली आणि तो चालला. सरळ! वाफ्यापर्यंत! मी सलगमाला पाणी घातले आणि (कोणास सांगू नये) मोठ्याने "शाब्बास" म्हणालो. आपली मेहुणी आतून धावत आली. पडद्यावर कोवळी पाने पाहून ती जी हसली, तसे हसताना मी तिला त्या मंगळवारानंतर पाहिले नव्हते. "हातानं केलंत?" तिने विचारले. मी म्हटले, "हाताने." कोणत्या, ते तिने विचारले नाही.

इथून पुढे माझा सुवर्णकाळ सुरू होतो आणि तो आठवला की मला झोपून जावेसे वाटते. वर्षातला माझा सर्वांत आवडता खेळ याच काळातला: होडीतून बेटाबेटांवर पत्रे पोचविणाऱ्या एका वृद्ध टपालवाल्याचा. त्यात शत्रू नाही, घड्याळ नाही. बेटावर उतरावे, दार ठोठावावे, पत्र द्यावे. आतला माणूस ते वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून मजकूर ओळखावा लागतो. मी एकशे बारा पत्रे पोचविली. एक राहिले, ते बेट मला सापडत नाही. त्या खेळातले समुद्राचे दर्शन तर अवर्णनीय. आपण स्वस्थ बसलो तरी क्षितिजावरून नजर सावकाश, अगदी सावकाश, डावीकडे सरकत राहते. पृथ्वीच्या परिवलनाचे इतके सूक्ष्म भान ठेवणाऱ्या त्या अज्ञात रचनाकारास मी मनोमन वंदन करीत असे.

वीराने राक्षस मारला, मोटार तिसरी आली, शेतात भोपळे धरले. कोंबडी परत आली नाही. प्रत्येक विजय आपली मेहुणी चेंडूबाईंच्या फायलीत तारखेनिशी लिहीत गेली. वास्तविक त्या बाईंनी माझा हात एकदा पाहिला असता तर दोन मिनिटांत सर्व उघडकीस आले असते. परंतु त्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट (इथे आपण मान खाली घालावी) सात महिने बंद. "तीन जिने मला झेपणार नाहीत," असे मी म्हणालो, आणि आपली मेहुणी फाईल घेऊन एकटी वर चढत राहिली. बाई फाईल पाहून म्हणत, "काकांची प्रगती छान आहे." त्या प्रगतीची वार्ता ती तीन जिने उतरून, धापा टाकीत, मला आणून देई.

आता संकट. या प्रगतीवर विसंबून तिने गेल्या आठवड्यात मशीनवरचे आच्छादन काढले. एका शाळेच्या साठ गणवेशांचे काम तिने पत्करले आहे. पहिल्या तारखेपासून ती आपल्या मशीनवर आणि मी माझ्या टेबलाशी एकटा. मशीनला तेल घालताना ती गुणगुणत होती. तिला गुणगुणता येते हे मी विसरलो होतो. आणि काल चेंडूबाईंचा निरोप आला: "लिफ्ट सुरू झाली आहे. गुरुवारी काकांना घेऊन या. गेमही आणा. माझ्यासमोर खेळू दे, मी फक्त डावा हात बघणार." साडूभाऊ, लिफ्ट सुरू झाल्याच्या बातमीने एखाद्या मनुष्याचे तोंड कोरडे पडल्याचे उदाहरण आपल्या प्रदीर्घ सेवेत आपण पाहिले आहे काय?

मी हे तिला सांगायला हवे होते. दररोज सकाळी ती जबडा धरते तेव्हा तिचा अंगठा माझ्या सुरीपासून बोटभर अंतरावर असतो, आणि मी ठरवतो की हा दात बसला की सांगू. दात बसतो. मग पुढचा घेतो. एका कवळीत अठ्ठावीस दात असतात. त्यामुळे सबबींचा तुटवडा पडत नाही.

असो. ताईंना नमस्कार, कन्येस आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

आपला, सात अंगांनी नम्र,
साडू
(कृत्रिमदंतपंक्तिनिर्माता, तूर्त एकहस्त)

ता. क. — पत्र लिहिण्याचे खरे कारण वर लिहायचे राहिले, किंवा धैर्य झाले नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारी, चार माणसांची, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट असल्यास, तिची नेमकी कोणती तार सैल केली असता ती कोणास इजा न करता, साधारण महिनाभर, सन्मानपूर्वक बंद राहील? तारेचा रंग कळविला तरी पुरे. पत्र मिळताच उलट टपाली कळवावे, म्हणजे बुधवारपर्यंत मिळेल. एका हाताने जमेल असे काही असल्यास अधिक उत्तम.

ता. क. दुसरा — वरील मजकूर लिहून पाकीट शोधण्यास मी उठलो, आणि परत आलो तेव्हा जबडा बाजूला ठेवलेला होता आणि आपली मेहुणी खुर्चीत बसून शेवटचे पान वाचीत होती. पाकीट उजव्या हातात धरून मी उभा राहिलो. तिने शेवटची ओळ पुरी केली, पान खाली ठेवले. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. डावा हात नुसता मांडीवर असायचा, पाहुण्यासारखा." मी विचारले, "मग फायलीत का लिहीत होतीस?" ती म्हणाली, "जिंकलात की जेवायचात नीट." मी पाकीट टेबलावर ठेवले.

मग ती म्हणाली, "ते डबकं कुठंय, दाखवा बघू." आपणास आश्चर्य वाटेल, वर्षभरात तिने त्या रिमोटास स्पर्शही केला नव्हता. ते माझे औषध आहे, आणि दुसऱ्याचे औषध आपण घेऊ नये, अशी तिची समजूत. मी दांड्या पूर्ववत केल्या. तिने आपल्या धडधाकट डाव्या अंगठ्याने, ज्याने वर्षभर जबडे धरले, शेतकऱ्याला चालवले. तो निघाला सरळ, चौथ्या पावलाला डावीकडे कलला आणि डबक्यात शिरला. तिने पुन्हा काढला. पुन्हा डबक्यात. "अहो," ती म्हणाली, "हा ओढतोय." मग तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. कोणीही त्यास हात लावीत नव्हते. आम्ही दोघे पाहत राहिलो, आणि शेतकरी आपला आपण, सावकाश, टोपीसकट, डबक्याकडे चालत गेला.

मला हे कधीच दिसले नसते. काम थांबविल्याशिवाय हत्यार खाली ठेवू नये ही आमच्या धंद्याची शिस्त. मी दर वेळी खेळ थांबवूनच रिमोट खाली ठेवीत असे. समुद्राचे ते क्षितिज आणि पृथ्वीचे परिवलन यांविषयी वर जे लिहिले आहे ते कृपया वाचू नये.

"म्हणजे तो तुमचा हात नव्हताच," ती म्हणाली. मी म्हटले, "थोडा हातही असेल." "असेल. पण चौथ्या महिन्यात तुम्ही तो द्यायचाच सोडलात." यानंतर ती आत गेली आणि तो पिवळा चेंडू घेऊन आली. त्यावर धूळ होती, ती तिने पुसली. चेंडू माझ्या डाव्या हातात ठेवून तिने माझी बोटे एकेक करून त्याभोवती मिटली, जसे मापाचे कापड खांद्यावर बसवतात तसे. "गुरुवारी जायचं," ती म्हणाली. "लिफ्टनं. आणि ते गणवेश मी शिवणार आहे. तेवढं मात्र खरं धरा." आता आतून मशीनचा आवाज येत आहे. गुणगुणणे ऐकू येत नाही. मी चेंडू दाबला. किती दाबला गेला हे सांगणे कठीण. चेंडूस विचारावे लागेल.

ता. क. तिसरा — तारेच्या रंगाविषयीची विनंती रद्द समजावी. (कळविल्यास वाचून ठेवीन.) ही शेवटची ओळ सरळ दिसत असेल तर ती जबड्याची किमया नव्हे; आपली मेहुणी मशीन थांबवून कागद धरायला आली आहे, आणि "आवरा, मला कॉलर लावायचीय" म्हणत आहे. तरी मुद्द्याचे तेवढे विचारतो. आपली कन्या खेळत असे तेव्हाही ही डावी दांडी डावीकडे ओढत होती काय? की ती तेव्हा नीट होती, आणि माझ्याच अंगठ्याने पहिले काही महिने एकाच दिशेने ढकलून तिला तशी सवय लावली? तिला विचारून कळवावे. मला दोन्हींपैकी कोणते उत्तर हवे आहे ते अद्याप ठरलेले नाही. दुरुस्तीवाल्याकडे फोनवर चौकशी केली. तो म्हणतो, हे मॉडेल आता येत नाही, उघडून आत फुंकर मारून पाहा. उघडायला गेलो तर पाठीमागे पाच पेच. माझ्या खणात चौदा प्रकारची सूक्ष्म हत्यारे आहेत, त्यांपैकी मेणाच्या लहान सुरीने चार निघाले. पाचवा फिरण्यास तयार नाही. तो फिरवताना रिमोट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवावा लागतो.